दुखण्यापूर्वीची तपासणी

मानवी देहाच्या ज्या अवयवांत कर्करोग उद्भवतो त्यांतील बहुतेक दृष्टीआड असतात; यकृतात किंवा स्वादुपिंडात काय चालले आहे हे जाणण्यासाठी यंत्रांचे साहाय्य घ्यावे लागते. मुखाचे तसे नाही. ओठ उचलावा, गाल बाजूला सारावा, जिभेचे टोक फडक्यात धरून तिच्या दोन्ही कडा आणि खालचा भाग विजेरीच्या उजेडात न्याहाळावा, गळ्याभोवती बोटे फिरवून गाठ लागते का ते पाहावे, एवढीच ही परीक्षा. तिला चार-पाच मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही; आणि असे असूनही ज्या देशात 2022 या एका वर्षात मुखकर्करोगाचे सुमारे 1 लाख 40 हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे, त्या देशात यांतील बहुसंख्य रुग्ण रोग जबड्यापर्यंत वा मानेतील गाठींपर्यंत पसरल्यावरच इस्पितळात पोहोचावेत, ही मला आपल्या आरोग्यव्यवस्थेची अक्षम्य कसूर वाटते.

या विलंबाच्या मुळाशी वेदनेवरील आपला विश्वास आहे. दुखत नाही तोवर दवाखान्याची पायरी चढायची नाही, हा आपला पिढीजात शिरस्ता. आणि नेमका हाच रोग आरंभी दुखत नाही. गालाच्या आतील पांढरा चट्टा कित्येक वर्षे मुकाट्याने राहतो, त्याहून धोक्याचा असलेला लाल चट्टाही सहसा तक्रार करीत नाही. सुपारीमुळे गालाची आतली त्वचा ताठर होऊ लागली की तिखट झोंबते, पुढे तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी होतात. पण घरात त्याचे निदान ‘उष्णता झाली’ असे होते आणि सब्जाचे पाणी सुरू होते. दोन-तीन आठवडे न भरलेली जखम दिसली तर ‘दाढ लागते आहे’ म्हणून तिची बोळवण केली जाते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी 1953 साली या ताठरतेचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केले होते आणि सुपारी ही स्वयमेव कर्कजनक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने 2004 साली दिला. तरीही गुटख्यावर 2012 साली बंदी आलेल्या महाराष्ट्रात मावा आणि खर्रा पानटपऱ्यांवर घोटला जातच आहे.

स्त्रियांचा प्रश्न याहून नाजूक आहे. तव्यावर तंबाखू भाजून, कुटून केलेली मिशरी पहाटे हिरड्यांना लावणारी गृहिणी स्वतःला व्यसनी मानीत नाही, आणि तिच्या दृष्टीने ते खोटेही नाही. ती दात घासते आहे. तिला ‘तंबाखू खाता का’ असे विचारले तर ती प्रामाणिकपणे नाही म्हणेल, नोंदवहीत ‘नाही’ अशी नोंद होईल आणि तिचे तोंड कोणीही पाहणार नाही. ‘मिशरी लावता का’ हा प्रश्न स्वतंत्रपणे, सासूसमोर नव्हे तर एकांतात, आणि शक्यतो स्त्री सेविकेने विचारला पाहिजे. तपासणीच्या साऱ्या योजनेत याहून स्वस्त सुधारणा मला दिसत नाही.

घरोघर जाऊन तोंडे पाहणे व्यवहार्य नाही, असा आक्षेप ऐकू येतो. परंतु डॉ. फली मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातील 1 लाख 1 हजार 761 ग्रामस्थांच्या मुखाची पाहणी करून तिचा वृत्तांत 1972 सालीच प्रसिद्ध केला होता. पुढे 1996 पासून केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील 13 पंचायतींत जो प्रयोग झाला, त्यात तपासणारे डॉक्टर नव्हते, शिकवून तयार केलेले कार्यकर्ते होते. तंबाखू वा मद्याचे सेवन करणाऱ्यांत मुखकर्करोगाचे मृत्यू 34 टक्क्यांनी घटल्याचे 2005 साली जाहीर झाले. व्यसन नसलेल्यांत मात्र असा लाभ सिद्ध झाला नाही. म्हणून सरसकट सर्वांच्या तपासणीचा आग्रह मी धरणार नाही. जो तंबाखू, सुपारी, मिशरी वा दारू घेतो त्याच्यापर्यंत आधी पोहोचावे, आणि चट्टा दाखवतानाच त्याला व्यसन सोडण्याची विनंती करावी, कारण तंबाखू सुटल्यावर असे कित्येक चट्टे विरून जातात.

केंद्र सरकारने 2016 साली तीस ते पासष्ट वर्षे वयाच्या प्रत्येकाच्या मुखतपासणीची तजवीज पंचवार्षिक मुदतीने केली. कागदावर ती निर्दोष आहे. परंतु 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, तोंडाची अशी परीक्षा आयुष्यात कधीतरी झाल्याचे सांगणारे स्त्री-पुरुष शंभरात एकाच्या आसपास आढळले. केरळच्या प्रयोगात फेऱ्यांमधील अंतर तीन वर्षांचे होते. व्यसनी माणसासाठी पाच वर्षे ही मुदत मला फार दीर्घ वाटते. ऊसतोड कामगारांच्या टोळ्या, एसटीचे आगार, साखर कारखाने, बाजार समित्या येथे हे लोक ठरावीक काळी एकत्र येतात. तेथे वर्षातून एकदा तपासणी भरवणे जिल्हा परिषदेला अशक्य नाही. दंतवैद्यांनीही दाढ काढण्यास आलेल्या प्रत्येकाचे संपूर्ण मुख पाहिल्यावाचून त्याला सोडू नये.

मात्र केरळातील आणखी एक आकडा मला अस्वस्थ करतो. ज्यांच्या तोंडात संशयास्पद काही आढळले आणि पुढील तपासणीस जाण्यास ज्यांना सांगितले, त्यांच्यापैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक लोक गेलेच नाहीत. अशा माणसाला तालुक्याहून जिल्ह्याला जायचे तर बुडालेली मजुरी, एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचा खर्च आणि तुकडा काढून तपासला जाईल हे भय, एवढे सगळे एकाच दिवशी पेलावे लागते. त्याच्या हाती चिठ्ठी देऊन कर्तव्य संपत नाही. जाण्या-येण्याचे भाडे आणि एका दिवसाची मजुरी सरकारी तिजोरीतून रोख मिळावी, आशा सेविकेने त्याच्यासोबत जावे आणि तिलाही त्या दिवसाचा भत्ता मिळावा, आणि तपासणीचा निकाल त्याच्या हाती पडेपर्यंत त्याचे नाव प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वहीतून खोडले जाऊ नये, असा लेखी हुकूम आरोग्य खात्याने या अर्थसंकल्पी वर्षातच काढावा.