आधी गाणं, मग गोष्ट

जर्मनीतल्या आपल्या मराठी मंडळाच्या सहलीसाठी बसमध्ये लावायच्या गाण्यांची यादी दर वर्षी होते. प्रत्येक घराकडून आवडीची दोन-दोन गाणी मागवतात, सगळी एकत्र करून वाजवतात, आणि अर्ध्या तासात मागच्या बाकांवरची मुलं कानात आपापले इअरफोन खोचून खिडकीकडे तोंड करून बसतात. यंदा ब्लॅक फॉरेस्टला जाताना हेच झालं. मुलांना बोल लावण्यात अर्थ नाही. आपण गाणी जमवतो, पण कुठल्या गाण्यामागून कुठलं यावं आणि दोहोंच्या मध्ये गाडीत काय घडावं, याचा विचार करत नाही. माझं म्हणणं असं, की पुढच्या सहलीची गाणी गोष्ट रचण्याच्या खेळासाठी निवडावीत. हा खेळ कुठून आणायचीही गरज नाही, मी तो लहानपणी बारामती-इंदापूर रस्त्यावर खेळले आहे.

माझे मामा त्या रस्त्यावर वडापची, म्हणजे वाटेत माणसं घेत जाणारी, जीप चालवायचे. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास, पण काटेवाडी, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे, अंथुर्णे, शेळगाव, निमगाव केतकी असं थांबत थांबत जायचं, आणि गाळपाचा हंगाम असला की उसाच्या गाड्यांमागे अडकून दोन तास सहज जायचे. मामांच्या कॅसेटा विकतच्या नसत. साठ मिनिटांची कोरी कॅसेट आणि वहीच्या पानावर लिहिलेली यादी घेऊन ते बारामतीत कॅसेट भरून देणाऱ्याकडे जायचे. (ही कॅसेट जगापुढे पहिल्यांदा आली ती १९६३ साली, बर्लिनच्या प्रदर्शनात. आपण आज राहतो त्याच देशात.) दुकानदाराला मामांची एकच ताकीद असे: दोन तुकड्यांच्या मध्ये जागा सोड. तो म्हणायचा, "अहो, पट्टी वाया जाते." मामा ऐकायचे नाहीत.

त्या सोडलेल्या जागेत नुसती खरखर ऐकू यायची. मग मामा आरशातून मागे बघत विचारायचे, "बरं, मग फुडं काय झालं?"

एक फेरी मला लख्ख आठवते. पहिली सनई वाजली. मामा म्हणाले, "लगीन कुणाचं?" कोणीतरी म्हणालं, सणसरच्या पाटलाच्या थोरल्या लेकीचं. पुढं हलगी आली. हलगी कुस्तीच्या फडातही कडाडते आणि अंत्ययात्रेतही, त्यामुळं गाडी क्षणभर गप्प झाली. मग भाजीची पाटी मांडीवर घेतलेली एक बाई ठासून म्हणाली, "कुस्तीच. नवरदेवच उतरलाय फडात, अन् वऱ्हाड ताटकळलंय." सगळी जीप हसली, पण नियम ठरलेला होता: आधीच्यानं सांगितलेलं मोडायचं नाही. तिसरी बासरी. नवरदेव जिंकला की हरला, हे ठरवायची पाळी माझ्यावर आली. मी आठ वर्षांची होते. मी म्हणाले, तो हरला आणि नदीकाठी जाऊन बसला. माझ्या त्या एका वाक्यावर पाच मोठी माणसं अंथुर्ण्यापर्यंत बोलत राहिली. शेळगावला उतरणारे एक आजोबा शेवट ऐकायचा म्हणून निमगावपर्यंत आले आणि परतीच्या गाडीनं मागे गेले.

मामांनी हे आणलं कुठून? विचारलं तर ते म्हणायचे, "धनगरवाड्यावर ऐकत बसायचो." तेव्हा मला या उत्तराचा अर्थ लागला नाही. लागला तो इथे आल्यावर, गुंथर सोंथायमर वाचताना. हायडेलबर्ग विद्यापीठातले हे अभ्यासक आपल्याकडच्या धनगरवाड्यांवर वर्षानुवर्षं हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांच्यावरचं त्यांचं जर्मन पुस्तक १९७६ साली आलं. १९९२ साली ते गेले. धनगरी ओवीची घडण त्यांनी नीट टिपली आहे. सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडलं, की एक तुकडा गातात, आणि तो थांबला की तोच प्रसंग बोलीत सांगतात. गायचं ती ओवी, सांगायची ती कथा. कथेत प्रसंग उलगडतो, वाढतो, गाण्यात जे सूचित राहिलं ते माणसांच्या तोंडी येतं, आणि मग पुन्हा गाणं. रात्र रात्र हे चालतं. सुरानं दार उघडायचं आणि बोलण्यानं आत शिरायचं. मामांची कॅसेट नेमकी याच बेतावर भरलेली होती.

इथे एक आक्षेप मला आधीच ऐकू येतो आणि तो मला मोलाचा वाटतो. ओवी ही देवापुढची सेवा आहे, तिचा सहलीत खेळ करावा का? करू नये. धनगरी ओवीचं ध्वनिमुद्रण बसमध्ये लावून मुलांना "आता तुम्ही सांगा" म्हणणं मला पटणार नाही. तिथून उचलायची ती फक्त मांडणी: आधी सूर, मग मोकळी जागा, मग माणसाचा आवाज.

दुसरा आक्षेप अंताक्षरीवाल्यांचा. अंताक्षरी मलाही आवडते, पण तिच्यात गाण्याचं शेवटचं अक्षर तेवढं कामाला येतं. शिवाय ज्याला गाणी पाठ आहेत तोच खेळतो, म्हणजे आपण चाळिशी-पन्नाशीचे. मुलं प्रेक्षक होतात. गोष्टीच्या खेळात पाठांतर लागत नाही, म्हणून तिथे नऊ वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एका पातळीवर येतात.

आता गाण्यांची माळ कशी ओवायची ते सांगते, कारण सगळं त्यातच आहे. बारा ते चौदा तुकडे पुरेत, एकही तीन मिनिटांहून लांब नको, आणि प्रत्येकामागे दोन मिनिटांची शांतता. ही शांतता मुद्रित करूनच ठेवा, नाहीतर कोणीतरी घाईनं पुढचं गाणं लावतं. शब्द असलेली गाणी तीनच ठेवा. शब्द आले की गोष्ट कवीनं सांगून टाकलेली असते, मुलांना उरतं काय? सनई, हलगी, संबळ, सारंगी, पावा हे भरपूर घ्या. मधूनच नुसता आवाज टाका: कंडक्टरची घंटी, पावसाची सर, बेलवाडीच्या रिंगणात दौडणाऱ्या अश्वाच्या टापा, काटेवाडीला तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्या धावतात तेव्हाचा गलका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिला तुकडा शेवटून दुसरा म्हणून पुन्हा लावा. मामा दुसऱ्या बाजूच्या अखेरीस तीच सनई भरून घ्यायचे. ओळखीचा सूर परत आला, की सांगणारा आपोआप पहिल्या माणसाला गोष्टीत परत आणतो. हे कोणाला शिकवावं लागत नाही.

तीच माळ दुसऱ्यांदा लावली तर कंटाळा येईल, असं वाटणाऱ्यांनी बारामतीच्याच मोरोपंतांकडे बघावं. बाबूजी नाईकांच्या आश्रयाला, कऱ्हेच्या काठी राहून, पंतांनी एकच रामकथा परोपरीनं सांगितली. त्यांनी एकशे आठ रामायणं रचली अशी ख्याती आहे. एका रामायणात ओठ मिटून उच्चारायचं अक्षरच येऊ द्यायचं नाही, दुसऱ्यात मंत्राची अक्षरं गुंफायची, असे निर्बंध त्यांनी स्वतःवर घालून घेतले. गोष्ट माहीत असणं त्यांना आड आलं नाही. निर्बंध बदलला की सांगणं बदलतं. आपणही म्हणू शकतो: आजच्या गोष्टीत कोणी खोटं बोलायचं नाही, किंवा आज एकही जर्मन शब्द नको.

हा शेवटचा निर्बंध मात्र पहिल्याच दिवशी नको. आपल्या मुलांचं मराठी ऐकण्याचं आहे, बोलण्याचं नाही. आपण विचारतो मराठीत आणि ती उत्तर देतात जर्मनमध्ये. त्यांना "मराठीत बोल" म्हटलं की ती मिटतात. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तीन कुटुंबं ऱ्हाइनच्या कडेनं जात होतो. मी जलतरंगाचा एक तुकडा लावला आणि एवढंच सांगितलं, की इंदापूर तालुक्यात पळसदेवला एक जुनं देऊळ आहे, उजनी धरण झाल्यावर ते पाण्यात गेलं, आणि पाणी उतरलं की उन्हाळ्यात दिसतं. तुकडा संपला. शांतता सुरू झाली. आमच्या गाडीत एक मुलगा होता, त्याचं मराठी मी आजवर "हो" आणि "नको" यापलीकडे ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "ते देऊळ श्वास घ्यायला वर येतं." मग थोडं थांबून, "त्याला खाली मासे... मासे गुदगुल्या करतात." गुदगुल्या हा शब्द त्याच्याकडे होता. कधीपासून होता कोण जाणे, तो बाहेर यायला जागा मिळाली नव्हती.

शरद ऋतूतल्या सहलीसाठी पहिली माळ मी ओवायला घेतली आहे. नऊ तुकडे जमलेत. आषाढात गावी जाणाऱ्यांनी बेलवाडीच्या, इंदापूरच्या रिंगणाचा आवाज फोनवर दोन मिनिटं मुद्रित करून आणावा, मध्ये कोणी बोलू नये. हिवाळ्यात जाणाऱ्यांनी भिगवणला पहाटे नावेत बसून रोहित पक्ष्यांचा कालवा आणावा. आणि ज्यांच्या घरी जुन्या भरून घेतलेल्या कॅसेटा असतील, त्यांनी त्या टाकू नयेत. मामांची एक माझ्याकडे आहे, पट्टी ताणली गेली आहे आणि सनई थोडी खाली उतरली आहे. तीच पहिली लावणार आहे.