‘शिक्षणा’वर खर्च झालेले दोन कोटी डॉलर

वीजबिल हा व्यापाऱ्याच्या वहीतला असा खर्च आहे की ज्यात घासाघीस चालत नाही. सुताचा भाव, रंगाई, हमाली, ट्रकभाडे, या सगळ्यांवर दोन शब्द बोलता येतात. विजेचा भाव मात्र छापून येतो. तो कोठे ठरला, कोणाच्या सांगण्यावरून ठरला आणि ठरण्यापूर्वी कोण कोणाला भेटले, हे विचारण्याची आपल्याला सवय नाही. भिवंडी-मालेगावचा मागवाला असो की धाराशिवचा कापड दुकानदार, बिल पाहून वीजवाल्यांना बोल लावतो, मुदतीत भरतो आणि मोकळा होतो. पण बिलातला आकडा मीटरच्या कितीतरी आधी, बंद खोलीत, ठरलेला असू शकतो. आपल्या राज्यात असे एकदा पुरते घडून गेले आहे, आणि नव्या पिढीच्या व्यापाऱ्यांना त्याचे नावच तेवढे ऐकून माहीत आहे. ते नाव म्हणजे एन्रॉन.

जून 1992 मध्ये या अमेरिकन कंपनीचे शिष्टमंडळ भारतात आले आणि काही दिवसांतच, 20 जून रोजी, महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाबरोबर त्याचा सामंजस्य करार झाला. निविदा नाही, दुसऱ्या कोणाचा भाव मागवणे नाही. आपण दहा गाठी ग्रे कापड घ्यायचे तरी दोन पेढ्यांवर विचारतो. येथे गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पासाठी हजारो कोटींचा सौदा एकाच दुकानावर झाला. 1993 मध्ये जागतिक बँकेने, हा प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही, असे सांगून कर्ज देण्यास नकार दिला. तरीही 8 डिसेंबर 1993 रोजी 20 वर्षांचा वीज खरेदी करार झाला. त्याला राज्य सरकारने हमी दिली आणि 1994 मध्ये केंद्र सरकारने त्या हमीवर आणखी प्रतिहमी दिली. ज्यांनी पैसे भरायचे त्या ग्राहकांना करारनामा मात्र बराच काळ वाचायलाही मिळाला नाही.

एवढे सगळे कशाच्या जोरावर झाले? त्याचे एक उत्तर कंपनीच्याच तोंडून आले. 1995 च्या सुरुवातीला एन्रॉनच्या एका वरिष्ठ अधिकारी, लिंडा पॉवर्स, यांनी अमेरिकन संसदेच्या समितीपुढे साक्ष देताना सांगितले की, भारतीयांचे शिक्षण करण्यावर आणि प्रकल्प मार्गी लावण्याच्या प्रक्रियेवर कंपनीने सुमारे 2 कोटी डॉलर खर्च केले, आणि प्रकल्पाचा प्रत्यक्ष खर्च यात धरलेला नाही. त्या वेळच्या भावाने हे 60 कोटी रुपयांच्या वर जातात. इकडे गदारोळ झाला. ही लाच आहे, असे विरोधकांनी म्हटले. वकील, सल्लागार, अभ्यास यांचा हा खर्च आहे, असे कंपनीने म्हटले. लाच सिद्ध झाली नाही, आणि जे सिद्ध झाले नाही ते मीही म्हणणार नाही. पण माझा प्रश्न वेगळा आहे. कोणाला शिकवले? काय शिकवले? विद्यार्थ्यांची यादी कोठे आहे? मदरशात एका मुलाच्या जेवणाचा खर्चसुद्धा पावतीनिशी लिहिला जातो. 60 कोटींच्या या शाळेचा हजेरीपट कोणी दाखवला नाही.

सरकारशी जाऊन बोलणे हाच गुन्हा आहे, असे माझे मत नाही. आपल्या भाषेत त्याला रदबदली असा जुना शब्द आहे, आणि रदबदली आपणही करतो. कापडावरील जीएसटी 1 जानेवारी 2022 पासून 5 चा 12 टक्के होणार होता. देशभरच्या कापडवाल्यांनी निवेदने दिली, मोर्चे काढले, काही ठिकाणी बाजार बंद ठेवले, आणि 31 डिसेंबर 2021 रोजी जीएसटी परिषदेने ती वाढ पुढे ढकलली. यंत्रमागाला वीजदरात सवलत मिळते, तीही मागवाल्यांच्या संघटनांनी वर्षानुवर्षे मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवल्यामुळेच. फरक एवढाच की आपले निवेदन दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते, आपण काय मागतो हे ज्याला विरोध करायचा त्यालाही कळते, आणि सरकारने मान्य केले तर ते कशासाठी केले हे लपत नाही. कंपनीने सरकारला वीजटंचाईची आकडेवारी द्यावी, कायद्यात काय अडचण आहे ते सांगावे, हे तिचे कामच आहे. 1991 च्या परकीय चलनाच्या संकटानंतर सरकारला विजेच्या क्षेत्रात बाहेरची गुंतवणूक हवी होती, हेही खरे. पण जे मंत्र्याच्या दालनात सांगितले तेच गुहागरच्या चावडीवर सांगता यायला हवे होते. तेथे काय झाले? जमिनी जाणाऱ्या आणि मासेमारीची काळजी लागलेल्या गावकऱ्यांनी विरोध केला, तेव्हा त्यांच्या वाट्याला लाठ्या आणि अटक आली. बंदोबस्तावरील पोलिसांचा खर्च कंपनीकडून दिला जात होता, यावर ह्युमन राइट्स वॉच या संस्थेने जानेवारी 1999 च्या अहवालात बोट ठेवले. एकीकडे शिक्षण, दुसरीकडे लाठी.

राजकारणाची गंमत पाहा. 1995 च्या निवडणुकीत हा प्रकल्प अरबी समुद्रात बुडवण्याची भाषा झाली. नव्या युती सरकारने मुंडे समितीच्या अहवालानंतर 3 ऑगस्ट 1995 रोजी करार रद्दही केला. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने त्याआधीच, करार मोडला तर इतर गुंतवणुकीवर परिणाम होईल, असा इशारा दिला होता. थोड्याच महिन्यांत फेरवाटाघाटी झाल्या आणि प्रकल्प बुडण्याऐवजी मोठा होऊन वर आला. दोन्ही टप्पे मिळून 2184 मेगावॅट. त्या काळात भारतात अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर निवृत्तीनंतर 1997 मध्ये एन्रॉनच्याच तेल-वायू कंपनीच्या संचालक मंडळावर गेले. कायद्याने त्यात काही वावगे नसेल. पण आपल्या बाजारात मोंढ्याचा तोलारी नोकरी सोडून दुसऱ्याच महिन्यात एखाद्या आडत्याच्या गादीवर बसला, तर शेतकरी आधीची मापे आठवू लागेलच.

आता या कराराचा हिशेब व्यापाऱ्याच्या भाषेत सांगतो. समजा एखाद्या गिरणीने तुमच्याशी असे लिहून घेतले: तुम्ही थान उचला वा उचलू नका, गिरणीचे ठरलेले भाडे दरमहा द्यायचे, कापूस महागला तर तुमच्या माथी, डॉलर वाढला तर तोही तुमच्या माथी, आणि तुम्ही चुकलात तर तुमच्या वडिलांनी, म्हणजे राज्याने, आणि तेही चुकले तर आजोबांनी, म्हणजे केंद्राने भरायचे. कोणता शहाणा दुकानदार असा अंगठा देईल? मे 1999 मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. इंधन महागले, रुपया घसरला, आणि 2000 साली काही महिन्यांत या विजेचा भाव युनिटला 7 रुपयांच्याही वर गेला. मंडळ ती वीज कमी घेऊ लागले. कमी घेतली की स्थिर आकार थोड्या युनिटांवर पडतो आणि भाव आणखी चढतो. 2001 च्या सुरुवातीला मंडळाचे हप्ते थकले. माजी केंद्रीय गृहसचिव माधव गोडबोले यांच्या समितीने त्याच वर्षी एप्रिलमध्ये अहवाल देऊन सरकारी यंत्रणा ठिकठिकाणी कशी कोलमडली ते दाखवले. मे महिन्यात वीज घेणे बंद झाले. डिसेंबर 2001 मध्ये खुद्द एन्रॉनचेच दिवाळे निघाले. 2005 मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांना पुढे करून रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही नवी कंपनी काढावी लागली. मधली वर्षे ते अवाढव्य केंद्र कोकणात बंद पडून होते, आणि येथे मराठवाड्यात आपण भारनियमनाच्या वेळा पाठ करत होतो.

मग कायदा काहीच सुधारला नाही काय? सुधारला. 1999 मध्ये राज्यात वीज नियामक आयोग आला. 2003 च्या वीज कायद्याने सांगितले की दरवाढीचा अर्ज जाहीर करावा लागेल आणि लोकांच्या हरकती, सूचना ऐकूनच आयोगाने निर्णय द्यायचा. एन्रॉनच्या वेळी पुण्याच्या प्रयास या संस्थेच्या अभ्यासकांना कराराचे गणित लोकांपुढे आणायला किती खटाटोप करावा लागला! आज महावितरणची शेकडो पानांची याचिका कोणालाही मागता येते. 2024 मध्ये महावितरणने अदानी समूहाकडून 25 वर्षांसाठी 6600 मेगावॅट वीज घेण्याचे ठरवले, सौर आणि औष्णिक मिळून, युनिटला 4 रुपये 8 पैसे भावाने. हे निदान बोली मागवून झाले. सौर आणि औष्णिक एकाच निविदेत का बांधले, असा आक्षेप तरीही आला, आणि तो घेणाऱ्यांना निविदा वाचता आली म्हणूनच घेता आला.

रदबदलीचा हिशेब मात्र आपल्या देशात अजूनही बंद वहीत आहे. अमेरिकेत 1995 च्या कायद्याप्रमाणे रदबदली करणाऱ्यांना नाव नोंदवून खर्च जाहीर करावा लागतो. म्हणूनच तर किरकोळ व्यापारात परदेशी गुंतवणुकीचा वाद पेटला असताना, वॉलमार्टने भारताच्या बाजारपेठेसह अनेक विषयांवर तिकडे कोट्यवधी डॉलर खर्च केल्याचे आपल्या दुकानदारांना 2012 मध्ये कळले. तेही अमेरिकेच्या कागदांवरून! आपल्याकडे असा कायदाच नाही. 2019 मध्ये केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाने जबाबदार व्यवसायाची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यातील सातवे तत्त्व म्हणते की, धोरणावर प्रभाव टाकायचा असेल तर तो जबाबदारीने आणि पारदर्शकपणे टाकावा. सेबीने 2022-23 पासून पहिल्या 1000 नोंदणीकृत कंपन्यांना त्यावर वार्षिक अहवाल सक्तीचा केला. उत्तम. पण तो उघडून पाहा. कंपनी कोणकोणत्या व्यापारी संघटनांची सभासद आहे, हे सांगणे बंधनकारक. सरकारकडे नेमकी कोणती भूमिका मांडली, हे सांगणे ऐच्छिक. म्हणजे दुकानाची पाटी दाखवा, माल दाखवलाच पाहिजे असे नाही.

पैशाचे तेच. निवडणूक रोखे सर्वोच्च न्यायालयाने 15 फेब्रुवारी 2024 रोजी घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुठे देणाऱ्यांची यादी बाहेर आली, आणि तीत वीज कंपन्याही होत्या. देणगी दिली म्हणून काम झाले, असे कोणी सिद्ध केले नसले तरी, ज्या कंपनीचा दर सरकारी आदेशाने ठरतो तिने सत्तेतल्या पक्षाला गुपचूप देणगी देऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

हे सगळे मुंबई-दिल्लीचे म्हणून सोडून देता येत नाही. बालाघाटच्या माळावर आता पवनचक्क्या उभ्या आहेत, त्यांच्या तारा आपल्याच शेतांवरून जातात. भूमकडचे एक गिऱ्हाईक मागे दुकानात लग्नाचा बस्ता बांधायला आले आणि पिशवीतून एक करारनामा काढून म्हणाले, “शेठ, एवढे वाचून सांगा.” इंग्रजी कागद, खाली सहीची जागा, आणि मोबदल्याचा रकाना कोरा. माझे शिक्षण उर्दू शाळेत झालेले; दोघांनी मिळून एका वकिलाकडे नेला. वकिलांनी सांगितले की, तार ओढण्याबरोबरच कायमच्या वाटेचा हक्कही त्यात लिहून घेतला आहे. कंपनीचा माणूस तहसीलमध्ये चार वेळा येऊन गेला होता, गावात एकदाही बसला नव्हता. स्वच्छ ऊर्जा चांगलीच आहे, आपल्या कोरड्या जिल्ह्याला तिचा उपयोगही आहे. पण तो कागद मराठीत आणि रकाना भरून द्यायला कंपनीला असा काय खर्च आला असता?

दरनिश्चितीच्या याचिकेची जाहिरात वर्तमानपत्रात बारीक अक्षरात येते आणि हरकतीला मुदत थोडी असते. हरकत मराठीत, साध्या कागदावर चालते. स्थिर आकार किती वाढतो, वीज खरेदीत न वापरलेल्या विजेचे किती पैसे धरले आहेत, आणि ज्या कंपनीकडून वीज घेतली तिच्याशी झालेला करार कोठे वाचायला मिळेल, हे तीन प्रश्न कोणालाही लिहिता येतात. आपल्या कापड व्यापाऱ्यांच्या बैठकीत मी असे सुचवले आहे की, पुढची जाहिरात आली की संघटनेच्या शिक्क्यानिशी एक हरकत येथून जावी, आणि तिची प्रत बाजारातल्या फळ्यावर लावावी. दोघा-तिघांनी होकार दिला आहे. बाकीच्यांचे म्हणणे, आधी सणाचा माल येऊ द्या.