कॉलेजच्या सेमिनारच्या बॅनरवर ‘राष्ट्रीय’ का लिहिलेलं असतं?

प्रसंग ओळखीचा आहे. प्राणिशास्त्र विभागाचा सेमिनार, बॅनरवर ‘राष्ट्रीय’ हा शब्द ठळक. दीपप्रज्वलन, रोपटं देऊन सत्कार, प्राचार्यांचं मनोगत यात तासभर जातो. पाहुणे बेडकांवरचं संशोधन सांगताना रंगात येतात, तोच चिठ्ठी येते, ‘सर, आवरतं घ्या.’ मग आभार, ग्रुप फोटो. फीडबॅक फॉर्म भरला की ई-सर्टिफिकेट.

अनेक कॉलेजांत हे असंच का घडतं? बरंचसं उत्तर नियमांत आहे.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत प्राध्यापकांच्या ‘रिसर्च स्कोअर’चं कोष्टक आहे. भरती आणि बढतीत हा स्कोअर कामी येतो. निमंत्रित व्याख्यान किंवा शोधनिबंधाचं सादरीकरण राज्य वा विद्यापीठ पातळीवर असेल तर २ गुण, राष्ट्रीय असेल तर ३, देशातच पण आंतरराष्ट्रीय असेल तर ५ आणि परदेशात ७. भाषण तेच, स्लाइड्स त्याच. बॅनरवरचा शब्द बदलला की गुण बदलतात. (अशा गुणांना एकूण स्कोअरच्या ३० टक्क्यांची मर्यादा आहे, हेही खरं.)

कॉलेजचं गणित वेगळं. ‘नॅक’च्या सात निकषांपैकी तिसरा संशोधन, नवोपक्रम आणि विस्तारकार्याचा. त्यासाठी अहवाल, फोटो, उपस्थितीच्या याद्या फायलीत लागतात. शेवटच्या बाकावरून कोणी काय विचारलं, याला फायलीत जागा नाही.

नुकसान होतं ते विद्यार्थ्याचं. पुस्तकात फक्त निष्कर्ष असतो. पीसीआर तीनदा का फसला, नमुने पावसाळ्यातच का गोळा करावे लागले, ओढ्यावर बेडूक सापडलेच नाहीत तेव्हा काय केलं, हे संशोधकाच्या तोंडूनच कळतं. आणि आता तर त्याची गरज वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणातल्या चार वर्षांच्या ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवीसाठी पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात आणि चौथ्या वर्षी १२ क्रेडिटचा संशोधन प्रकल्प असतो. संशोधनाचा प्रश्न कसा निवडतात हे ज्याने कधी ऐकलंच नाही, तो विषय कुठून आणणार? गूगलवरून.

जानेवारी २०२५ च्या मसुद्यात यूजीसीने गुणांच्या बेरजेऐवजी नऊ क्षेत्रांतलं ‘उल्लेखनीय योगदान’ पाहण्याचा प्रस्ताव ठेवला. पण कोष्टक बदललं म्हणून सत्काराची सवय सुटेलच असं नाही. विभागांना एक गोष्ट मात्र पैसा न खर्चता करता येते: सत्कार दहा मिनिटांत आटोपायचा, शेवटचा अर्धा तास फक्त विद्यार्थ्यांच्या प्रश्नांना द्यायचा, आणि प्रश्न मराठीत विचारले तरी चालतील, हे सुरुवातीलाच सांगून टाकायचं.