पाळी पुढे ढकलायची गोळी : प्रसादासारखी वाटू नका

श्रावण लागला की आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या मेडिकल दुकानांत एका गोळीची मागणी वाढते. आधी गणपती आणि गौरी, मग नवरात्र. दिवाळीनंतर लग्नं आणि हळदी, पौषात म्हसाची जत्रा. जिला गोळी घ्यायची ती क्वचितच स्वतः येते. नवरा नाहीतर दीर येतो, मोबाईलमधला जुन्या पाकिटाचा फोटो दाखवतो आणि म्हणतो, "ही पाळी पुढे जायची द्या." कोणी तिचं वय विचारत नाही, मूल अंगावर पितं का विचारत नाही, मागची पाळी कधी आली तेही विचारत नाही. डोकेदुखीच्या गोळीइतक्या सहज हार्मोनचं पाकीट पिशवीत पडतं.

मला या लेखात भांडायचं आहे, आणि कोणाशी ते आधीच सांगतो. गोळीशी माझं भांडण नाही. ती औषध म्हणून चांगली आहे. घेणाऱ्या बाईशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते तिला न विचारता तिच्या वतीने ठरवणाऱ्यांशी. त्यात घरचे आले, दुकानदार आले आणि फोनवरून गोळीचं नाव सांगणारे आम्ही डॉक्टरही आलो.

गोळी नेमकं काय करते?

पाळीच्या आधीच्या साधारण दोन आठवड्यांत अंडाशयात प्रोजेस्टेरॉन नावाचं हार्मोन तयार होतं. ते गर्भाशयाचं आतलं अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही की या हार्मोनची पातळी उतरते, अस्तर सुटतं आणि रक्ताबरोबर बाहेर येतं. हीच पाळी. आपल्याकडे पाळी लांबवायला जी गोळी सर्रास दिली जाते तिचं नाव नॉरएथिस्टेरॉन. दुकानात ती रेजेस्ट्रॉन, प्रिमोलुट-एन अशा नावांनी मिळते. हे प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं, प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन आहे. १९५१ साली मेक्सिकोत ते पहिल्यांदा तयार झालं आणि पुढे गर्भनिरोधक गोळ्यांतही वापरलं गेलं. गोळी चालू असेपर्यंत अस्तर टिकतं. बंद केली की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते.

म्हणजे "रक्त आत साठतं आणि मग त्रास देतं" ही भीती खोटी आहे. अस्तर सुटलेलंच नसतं, तर साठणार काय? एकदा पाळी पुढे ढकलली म्हणून पुढे मूल होत नाही, हेही खोटं.

"एका गोळीने काय होतंय?"

हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकतो, तितक्या वेळा त्याला उत्तर द्यावंसं वाटतं. पहिली गोष्ट, ती एक गोळी नसते. दिवसातून तीन, अशा आठ-दहा दिवस घेतल्या तर पंचवीस-तीस गोळ्या होतात. दुसरी गोष्ट, नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेन प्रकारच्या हार्मोनमध्ये बदलतो. या मात्रेत त्यामुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. बहुतेक निरोगी तरुण बायकांना काही होत नाही. पण काही बायकांच्या बाबतीत हा धोका पत्करण्यासारखा नसतो, आणि त्या कोण हे दुकानाच्या काउंटरवरून दिसत नाही.

खालीलपैकी काहीही असेल तर ही गोळी स्वतःहून घेऊ नका :

- पायात किंवा फुफ्फुसात पूर्वी गुठळी झाली असेल, किंवा आई, बहीण, भाऊ यांना कमी वयात झाली असेल
- हार्ट अटॅक, लकवा किंवा हृदयाचा आजार
- डोळ्यांपुढे चमक किंवा रेघा येऊन सुरू होणारी अर्धशिशी
- लिव्हरचा आजार, सध्याची कावीळ, किंवा गरोदरपणात झालेली कावीळ
- स्तनाचा कॅन्सर, आधी झालेला असला तरी
- दिवस गेल्याची शंका, नुकतंच बाळंतपण, किंवा अंगावर पिणारं मूल
- अंगावरून अवेळी जाणं, ज्याचं कारण अजून शोधलेलं नाही
- जास्त वजन, वाढलेलं ब्लड प्रेशर, तंबाखू-मशेरी-विडीची सवय, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा प्लॅस्टर

आणखी दोन गोष्टी आपल्या भागात महत्त्वाच्या आहेत. टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन आणि फिट्सवरची काही औषधं या गोळीचा असर कमी करतात, म्हणून चालू औषधं सांगायला हवीत. आणि आदिवासी पाड्यांवर सिकलसेल आढळतो. या आजारात मुळातच गुठळीचा धोका जास्त असतो. तपासणीत सिकलसेल निघाला असेल तर ते कार्ड डॉक्टरांना दाखवल्याशिवाय कुठलीही हार्मोनची गोळी सुरू करू नका.

आता सांगा, यातलं किती दिराला माहीत असतं?

आणि दुसऱ्या टोकाचे

२०२५च्या ऑगस्टमध्ये पाळी पुढे ढकलायची गोळी घेतल्यावर गुठळी होऊन दगावलेल्या एका तरुण मुलीची हकीकत एका सर्जनने सांगितली आणि ती मोबाईलवर खूप फिरली. त्यानंतर "ही गोळी म्हणजे विष" असे मेसेज आले. हेही मला मान्य नाही. भीतीने लोक शहाणे होत नाहीत, फक्त लपवून घ्यायला लागतात.

आकडे पाहा. वर्षभर हार्मोन न घेणाऱ्या १०,००० तरुण बायकांत साधारण १ ते ५ जणींना गुठळी होते. वर्षभर नेहमीच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांत हा आकडा ३ ते ९ आहे. गरोदरपणात ५ ते २०, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत याहूनही बराच जास्त. म्हणजे हार्मोनने धोका वाढतो, पण निरोगी बाईत तो लहानच राहतो. नीट विचारपूस करून, थोड्या दिवसांसाठी दिलेली गोळी बहुतेकींना चालते. विचारपूस न करता दिलेली गोळी म्हणजे त्या लहान धोक्यातली बाई कोण, हे न बघता टाकलेली चिठ्ठी.

"निसर्गाच्या विरुद्ध का जायचं?" असा उपदेश करणाऱ्या डॉक्टरांनाही माझा विरोध आहे. पोलीस भरतीची धाव असेल, बारावीचा पेपर असेल, कसाऱ्याहून पहाटेची लोकल पकडून दिवसभर शौचालयाविना काम असेल, तर पाळी चार दिवस पुढे जावी असं वाटणं यात काहीच वावगं नाही. पूजेला बसायची तिचीच मनापासून इच्छा असेल, तर तीही इच्छाच आहे. तिला लेक्चर नको, नीट सल्ला हवा.

घ्यायचीच असेल तर

आठ-दहा दिवस आधी डॉक्टरांकडे या आणि स्वतः या. शेवटच्या दोन-तीन पाळ्यांच्या तारखा आणा. ब्लड प्रेशर आणि वजन बघायला पाच मिनिटं लागतात. शंका असेल तर लघवीची तपासणी करा. आशाताईंकडे निश्चय किट असतं.

नेहमीची पद्धत अशी : ५ मिलीग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा, पाळीच्या अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधी सुरू. हवे तेवढेच दिवस, आणि साधारण १० ते १४ दिवसांच्या पुढे नाही. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी सुरू केली, किंवा डाग लागल्यावर घेतली, तर ती बहुधा उपयोगी पडत नाही. मग घाबरून दोन-दोन गोळ्या घेऊ नका. मळमळ, डोकं दुखणं, छाती जड होणं, थोडा डाग लागणं हे त्रास होऊ शकतात.

ही गोळी अशा प्रकारे घेतल्याने गर्भ राहणं टळत नाही. कंडोम लागतोच. गोळी बंद केल्यावर आठवडाभरात पाळी आली नाही तर पुन्हा लघवी तपासा.

ज्या आधीपासून माला-एन घेतात त्यांना वेगळी गोळी लागतच नाही. एका पाकिटातल्या २१ पांढऱ्या गोळ्या संपल्या की तांबूस रंगाच्या ७ गोळ्या, ज्या नुसत्या लोहाच्या असतात, त्या सोडायच्या आणि दुसऱ्या दिवशी नव्या पाकिटातली पांढरी गोळी सुरू करायची. तेही एकदा विचारून.

गोळी चालू असताना किंवा नुकती बंद केल्यावर एकाच पायाला सूज आणि पोटरीत दुखणं, अचानक दम लागणं, छातीत कळ, खोकल्यातून रक्त, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, नजर जाणं, एक बाजू लुळी पडणं, यातलं काही झालं तर गोळी बंद करा आणि लगेच निघा. शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचं ग्रामीण रुग्णालय गाठा, नाहीतर १०८ ला फोन करा. "देवाचं काम आटपू दे, मग बघू" म्हणू नका. पाय चोळून तर अजिबात घेऊ नका. आणि तिथे गेल्यावर गोळी घेतली होती हे सांगा. लाजेने लपवलेली हीच गोष्ट डॉक्टरांना निदानापर्यंत नेणारी असते.

खरा आजार कुठला?

शेवटचा मुद्दा हा. बहुतेक वेळा गोळी मागण्याचं कारण एकच असतं : विटाळ. आणि विटाळावर कुठल्याच कंपनीची गोळी नाही.

जुलै २०२५ मध्ये आपल्याच शहापुरात एका शाळेच्या शौचालयात रक्ताचे डाग दिसले म्हणून पाळी कोणाची हे शोधायला मुलींचे कपडे उतरवून तपासल्याची तक्रार झाली, आणि मुख्याध्यापिकेला अटक झाली. त्याआधी २०२२ मध्ये शेजारच्या त्र्यंबकेश्वर तालुक्यात, देवगावच्या आश्रमशाळेत, पाळी असलेल्या मुलींनी झाड लावलं तर ते जगत नाही असं सांगून एका विद्यार्थिनीला वृक्षारोपणापासून अडवल्याची तक्रार झाली होती. आणि बीडमध्ये तीन वर्षांत ४,६०५ बायकांची गर्भाशयं काढल्याचा आकडा २०१९ मध्ये विधिमंडळात आला. त्यांत ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या, ज्यांना एका खाड्याचा दंड परवडत नाही. गोळी आणि ऑपरेशन यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, मला मान्य आहे. पण विचार एकच आहे : अडचण बाईच्या शरीराची, म्हणून बदलायचं तेही शरीरच.

विटाळ देहातच जन्मतो, मग शुद्ध देह कोणाचा, हे चौदाव्या शतकात संत सोयराबाईंनी विचारून ठेवलं आहे. आपण अजून सुनेला गोळी देतो आहोत.

म्हणून मागण्या चारच. मेडिकलवाल्यांनो, ही चिठ्ठीवर द्यायची गोळी आहे, चिठ्ठीशिवाय देऊ नका. डॉक्टर मित्रांनो, नवऱ्याच्या फोनवर लिहून देऊ नका, तिला बोलवा आणि एकदा तरी एकटीला विचारा. सासूबाई, आज्जी, तुम्ही ज्या दिवसांत चुलीजवळ यायला बंदी सोसलीत, ते दिवस आठवा. तुमच्या एका "चालतंय गं, बस पूजेला" मध्ये जी ताकद आहे ती आमच्या कुठल्याच औषधात नाही.

आणि ताई, तुम्हाला हवी असेल तर गोळी मिळेल, पण तपासून. नको असेल तर "मला नको" एवढं म्हणायला कुठलंही कारण लागत नाही.