हंडा फुटतो, पिंप सुटते

सिक्कीममधील अनेक घरांत शिजवलेल्या नाचणीत ‘मार्चा’ची वाळलेली वडी चुरून घालतात. तिच्यातील बुरशी पिष्टाची साखर करते, यीस्ट साखरेचे मद्य. ते ऊर्ध्वपातित केले की ‘रक्सी’. धान्याच्या अशा आंबवणातून मिथेनॉल नगण्य निघते. बोटाद (जुलै २०२२) आणि कल्लकुरिची (जून २०२४) येथे बळी घेतले ते औद्योगिक मिथेनॉलने. अबकारी खात्याला मात्र हंडा फोडणे सोपे वाटते, रसायनांच्या पिंपांचा माग काढणे अवघड.

अधिकार नाही, ही सबब आता उरलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊसदस्यीय घटनापीठाने आठ विरुद्ध एक अशा बहुमताने औद्योगिक अल्कोहोलही राज्यांच्या कक्षेत आणले. विषारी पदार्थांची विक्री व साठा यांवर नियंत्रण ठेवण्याची मुभा तर १९१९ च्या विष कायद्यानेच राज्यांना दिली होती.

घरगुती दारू निरुपद्रवी नव्हे; तिने मोडलेले संसार कोणी नाकारू नयेत. पण तो प्रश्न सोडवण्याची जागा १९९६ च्या ‘पेसा’ कायद्याने पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रांत ठरवून दिली आहे: ग्रामसभा आणि पंचायत. तेथे पोलीस आधी पोहोचतात, हीच अडचण आहे.