सेकंदाला बारा चित्रे
हाताने काढलेल्या डिजिटल ॲनिमेशनमध्ये सेकंदाला 24 फ्रेम धावतात, पण एक चित्र सहसा दोन फ्रेम टिकते. म्हणजे दहा सेकंदांच्या फिल्मलाही 120 चित्रे लागतात. आधी ग्राफिक टॅबलेटवर हालचालीतले मोक्याचे क्षण कच्च्या रेषेत काढतात. उसळणारा चेंडू जमिनीला टेकताना चपटा होतो, सुटताना लांबट, आणि वर पोहोचताना त्याची चित्रे एकमेकांना खेटून येतात. वजन भासते ते इथेच. मागचे-पुढचे चित्र फिकट दाखवणाऱ्या ‘ओनियन स्किन’च्या आधाराने मधली चित्रे भरतात. हे कच्चे काम चालवून न पाहता पक्की रेष ओढणारा मेहनत वाया घालवतो. रंग भरणे एका क्लिकचे. मात्र रेषेत बारीकशी फट राहिली, तर रंग बाहेर सांडतो. मग पार्श्वभूमी, आवाज जोडून फाइल तयार होते.