एम.एस्सी.ची पायरी कोठे नेते?

नीटचा निकाल लागून राज्याच्या सीईटी कक्षाच्या प्रवेशफेऱ्या एकामागून एक आटोपल्या आणि शेवटच्या यादीतही आपले नाव नाही हे पक्के झाले, म्हणजे नवी मुंबईतील कितीतरी मुले केवळ वर्ष फुकट जाऊ नये एवढ्याच हेतूने वाशी-नेरुळच्या एखाद्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला नाव घालतात. आणि यथावकाश पदवी हाती आली तरी मनात घर करून बसलेली डॉक्टरकी काही केल्या तेथून हलत नाही. अशा घरांतून अलीकडे एक प्रश्न वारंवार कानी येतो : आता कोणती एम.एस्सी. करावी, म्हणजे तिच्या जोरावर एम.बी.बी.एस.च्या प्रवेशाचा अर्ज भक्कम होईल? शरीरक्रियाशास्त्र घ्यावे, जीवरसायनशास्त्र घ्यावे, की जैवतंत्रज्ञान? विचारणारे सुशिक्षित असतात, पोटतिडकीने विचारतात, आणि त्यांना ऐटीत उत्तर देणारे सल्लागारही या शहरात दुर्मीळ नाहीत. खरे उत्तर मात्र एका वाक्याचे आहे. आपल्या देशात तशी एम.एस्सी. अस्तित्वातच नाही.

ती नसण्याचे कारण सरळ आहे. ज्याला आपण प्रवेशाचा अर्ज म्हणतो त्यात अर्जदाराचे कर्तृत्व तोलून पाहण्याची तजवीजच नाही. नाव, जात-प्रवर्ग, अधिवासाचा दाखला, बारावीचे गुणपत्रक आणि नीटचा क्रमांक एवढ्यावर सगळा कारभार चालतो. १८० प्रश्न, ७२० गुण, बरोबर उत्तराला चार आणि चुकलेल्या उत्तराचा एक वजा, असा हा हिशेब. आणि त्याचा सारा अभ्यासक्रम अकरावी-बारावीचा. २०१३ साली ही परीक्षा प्रथम आली, त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली, २०१६ साली ती पुन्हा रुजू झाली, आणि २०१७ पासून तर अभिमत विद्यापीठांतील प्रवेशही केंद्रीय फेऱ्यांतूनच होऊ लागल्यामुळे नेरुळचे डी. वाय. पाटील असो की कामोठ्याचे एमजीएम, दोन्हींच्या दारी त्याच क्रमांकाची चिठ्ठी दाखवावी लागते. शुल्क भरण्याची ऐपत हा पुढचा मुद्दा, आणि तो लहान नव्हे. २०२४ साली सुमारे २४ लाख मुलांनी या परीक्षेसाठी नाव नोंदविले, देशातील एम.बी.बी.एस.च्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. ज्या कारकुनासमोर एवढी गर्दी उभी आहे, त्याने कोणाची एम.एस्सी. कोणत्या विषयात झाली हे विचारीत बसावे अशी अपेक्षाच करता येत नाही.

मग हा प्रश्न आला कोठून? माझ्या समजुतीप्रमाणे तो न्यू जर्सीहून आला. तेथे स्थायिक झालेली मावशी, आत्या किंवा चुलतभाऊ नाही असे घर वाशी-खारघर भागात शोधावे लागेल. आणि त्यांच्या मुलांच्या हकिकती दर रविवारी व्हिडिओ कॉलवरून येथवर पोहोचतात. अमेरिकेत वैद्यक हे पदवीनंतरचे शिक्षण आहे. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, त्याखेरीज रुग्णालयातील सेवा, संशोधन, शिफारसपत्रे, स्वतःविषयीचा निबंध आणि मुलाखत असे सगळे एकत्र तोलले जाते. आणि ज्याचे पदवीचे गुण थोडे उणे पडले त्याच्यासाठी एक-दोन वर्षांचे खास पदव्युत्तर अभ्यासक्रम निघाले आहेत, ज्यांत जॉर्जटाऊन विद्यापीठाचा १९७५ पासून चालत आलेला शरीरक्रियाशास्त्राचा अभ्यासक्रम विशेष नावाजलेला आहे. त्यातील विद्यार्थी वैद्यकाच्या पहिल्या वर्षाचे विषय त्या वर्गाच्याच बरोबरीने शिकतात, त्यांचे गुण त्या मुलांशी ताडून पाहिले जातात, आणि हा मुलगा वैद्यकाचा भार सोसू शकेल की नाही याचा पुरावा प्रवेशसमितीला मिळतो. व्यक्तीकडे पाहून निर्णय करण्याची ही परंपरा तेथे जुनी आहे. १८८३ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाकडे अर्ज करणाऱ्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी यांच्यापाशी पदवी कसली, शाळेचे रीतसर प्रमाणपत्रही नव्हते. त्यांचे पत्र हीच त्यांची योग्यता ठरली, आणि तीन वर्षांनी त्या एम.डी. होऊन बाहेर पडल्या.

तथापि त्या वाटेवरही खाचखळगे आहेत. तेथील सामाईक अर्जात पदवीचे गुण आणि पदव्युत्तर गुण निरनिराळ्या रकान्यांत मोजले जातात, त्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात कितीही उजेड पाडला तरी पदवीचा उणा आकडा जसाच्या तसा राहतो, आणि म्हणून ज्याचा तो आकडाच फार खाली आहे त्याला पदवीच्या दर्जाचे आणखी विषय घेणे पदव्युत्तर अभ्यासक्रमापेक्षा अधिक उपयोगी पडते. शिवाय हे अभ्यासक्रम महाग, त्यांना शिष्यवृत्ती क्वचित, आणि त्यातून प्रवेश न मिळाला तर हाती उरणाऱ्या पदवीला बाजारात फारसा उठाव नाही. येथून केवळ विद्यार्थी-व्हिसावर जाणाऱ्या मुलाची गोष्ट तर आणखी बिकट, कारण तेथील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक नसलेल्यांचे अर्ज विचारातच घेत नाहीत. न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या भाच्याला जे साधले ते कोपरखैरण्याच्या मामेभावाला त्याच पदवीने साधेल असे मानणे म्हणजे एका गावचा सातबारा दुसऱ्या गावच्या तलाठ्यापुढे ठेवण्यासारखे आहे.

वाशीच्या सेक्टर १७ मधील एका सल्लाकेंद्रात भिंतीवर लावलेला तक्ता मी अलीकडे पाहिला. डाव्या बाजूला बी.एस्सी., मधल्या चौकोनात एम.एस्सी. मेडिकल, उजवीकडे एम.बी.बी.एस., आणि तिघांना जोडणारे दोन ठळक निळे बाण. पहिला बाण खरा होता. दुसऱ्या बाणाखाली बारीक अक्षरांत परदेश असे छापलेले होते, आणि ते वाचण्यासाठी खुर्चीवरून उठून भिंतीजवळ जावे लागत होते. समोर बसलेले गृहस्थ एपीएमसी बाजारातील कोणा पेढीवर हिशेबनीस असावेत. मांडीवर प्लास्टिकच्या फायलीत मुलीचे सगळे दाखले नीट लावलेले, नॉन-क्रिमी लेअरपासून गॅपच्या प्रतिज्ञापत्रापर्यंत. ते उठले नाहीत. खोटे असे त्या तक्त्यात काहीच नव्हते, आणि म्हणूनच तो तक्ता मला अधिक अप्रामाणिक वाटला.

एम.एस्सी. करू नये असे माझे म्हणणे नाही. उलट ती दुसऱ्या कशाची पायरी म्हणून करणाऱ्यांनी तिच्यावर अन्याय केला आहे असे मला वाटते. ती तिच्यासाठीच करण्याचे उत्तम उदाहरण नवी मुंबईकरांना लांब शोधावयास नको. पुण्याच्या समर्थ घराण्यातील कमल या मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच विवाह करावा अशी तिच्या वडिलांची इच्छा होती. ते स्वतः फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकवीत. मुलीने वनस्पतिशास्त्र घेतले, विवाह केला तो रणदिवे नावाच्या गणितज्ञाशी, आणि १९४३ साली पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून एम.एस्सी. केली ती सीताफळ-रामफळाच्या कुळाच्या पेशींवर आणि गुणसूत्रांवर. प्रवेशाच्या बाजारात याहून निरुपयोगी विषय कोणाला सुचणार नाही. परंतु गुणसूत्रे पाहण्यास सरावलेल्या त्याच डोळ्यांनी कमल रणदिवे मुंबईच्या टाटा मेमोरिअल रुग्णालयात डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली कर्करोगाच्या पेशी पाहू लागल्या. १९४९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली, पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात करून परतल्यावर त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा मुंबईत उभी केली, आणि स्तनाच्या कर्करोगाचा संप्रेरकांशी व विषाणूंशी असलेला संबंध उंदरांवरील प्रयोगांतून उलगडण्यात उमेदीची वर्षे घालविली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ज्या परळच्या संशोधनसंस्थेत त्यांनी हे काम केले ती टाटा मेमोरिअल केंद्रात सामील होऊन नव्या शतकाच्या आरंभी खारघरला अ‍ॅक्ट्रेक या नावाने स्थिरावली. आणि ज्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या १९७३ मधील स्थापनेत त्यांचा पुढाकार होता, तिचे मुख्यालय आज वाशीत आहे. सल्लाकेंद्रापासून ते फार दूर नाही.

रणदिवेबाईंचा काळ निराळा, त्यांच्या घरी शिक्षणाची हवा, हे मान्य. त्यांची गोष्ट सांगण्याचा हेतू एवढाच, की विषयाची निवड करताना त्या विषयातील प्रयोगशाळेत आयुष्य काढण्याची तयारी आहे काय हा प्रश्न प्रथम विचारावा. आणि तो विचारून झाल्यावर व्यवहाराचे प्रश्न अगदी रोखठोक विचारावेत. वैद्यकीय महाविद्यालयांतून चालणारी एम.एस्सी. मेडिकल सामान्यतः तीन वर्षांची असते, शरीररचनाशास्त्राच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदनाची सवय तेथे होते, आणि तिच्यातून बाहेर पडणाऱ्यांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा आधार म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातील अध्यापकाची नोकरी. या आधाराशी शासनाने जो खेळ केला त्याची वाच्यता पुरेशी झालेली नाही. पूर्वी बिगर-वैद्यकीय अध्यापकांना शरीररचना व शरीरक्रिया या विभागांत ३० टक्के आणि जीवरसायनात ५० टक्क्यांपर्यंत जागा असत. २०२० च्या नियमांनी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने त्या १५ टक्क्यांवर आणल्या आणि सूक्ष्मजीवशास्त्र व औषधशास्त्र यांचे दार त्यांना बंदच केले. २०२५ च्या नियमांनी एम.एस्सी.-पीएच.डी. झालेल्यांसाठी ते पुन्हा उघडले. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बसलेल्या मुलाने प्रवेश एका नियमाखाली घ्यावा आणि नोकरी दुसऱ्या नियमाखाली मागावी, ही स्थिती ज्या हुकमांनी निर्माण केली त्यांवर सह्या करणाऱ्यांना या मुलांची आठवण होती असे दिसत नाही. आयोगाला शिक्षक हवे असतात तेव्हा ही माणसे पात्र ठरतात आणि नको असतात तेव्हा अपात्र. किमान प्रवेश घेतल्या दिवशीचा नियम त्या तुकडीला अखेरपर्यंत लागू राहील एवढी हमी तरी आयोगाने द्यावयास हरकत नसावी.

तोवर सावधगिरी मुलांनीच बाळगावी लागेल. गेल्या काही तुकड्यांतील मुले आज कोठे आहेत ते विभागप्रमुखाला समक्ष विचारावे. सीएसआयआरची नेट किंवा आयसीएमआरची संशोधनवृत्ती त्यांच्यापैकी कोणी मिळविली आहे काय, प्रबंधासाठी विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने काम करू देतात की जुन्या नोंदवह्यांवरून तक्ते भरून घेतात, हे पाहावे. बेलापूरसारख्या ठिकाणी जैवतंत्रज्ञान शिकविणाऱ्या संस्था आहेत. त्यांच्या इमारतीपेक्षा त्यांच्या उपकरणांवर धूळ किती आहे यावरून मी तरी मत बनवीन. सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा विचार फारसे कोणी करीत नाही, वास्तविक ज्या मुलांना माणसांत वावरायचे आहे त्यांना तो जीवरसायनापेक्षा कितीतरी अधिक मानवेल.

आणि एवढे सगळे ऐकून घेतल्यावरही ज्याला किंवा जिला एम.बी.बी.एस.च हवे असेल, त्याला दार बंद नाही. २०२२ पासून नीटची कमाल वयोमर्यादा उठलेली आहे, प्रयत्नांच्या संख्येला बंधन नाही, आणि बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी असलेला बी.एस्सी. पदवीधर ती परीक्षा देऊ शकतो. फक्त त्याने हे ध्यानात घ्यावे, की पदवीत सुटलेले भौतिकशास्त्राचे ४५ प्रश्न त्याची वाट पाहत आहेत, समोर सतरा-अठरा वर्षांची मुले आहेत ज्यांनी ते पुस्तक कालच मिटले आहे, आणि एम.एस्सी.चे शुल्क भरून, प्रयोगशाळेत दिवस घालवून, रात्री पुन्हा अकरावीचे पुस्तक उघडणाऱ्याच्या हातून या दोहोंपैकी एकही गोष्ट धड होत नाही. परीक्षा द्यायची तर ती एम.एस्सी.ला नाव घालण्यापूर्वीचे वर्ष मोकळे ठेवून द्यावी. आणि त्या तक्त्यासमोर बसलेल्या हिशेबनिसांनी सल्लाकेंद्राला भरावयाची रक्कम मुलीच्या भौतिकशास्त्राच्या शिकवणीसाठी बाजूला काढावी.